नोटीस आली, पण घरी कुणाला कळलीच नाही

मैत्रिणींनो, वाण्याची यादी आपण दर महिन्याला तपासतो. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर न चुकता मांडतो. पण नवऱ्याच्या धंद्याचे कागद? "त्यातलं मला काही कळत नाही बाई," म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही होत होते. बी. ए. झालेली, अर्धवेळ का होईना, पण शाळेत मुलांना सरळव्याजाची गणितं शिकवणारी बाई मी!

आमचं घर नशिराबादला, जळगाव-भुसावळ रस्त्यावर. आमचे हे छोटे ठेकेदार. मोऱ्या, शाळांच्या कुंपणभिंती, गल्लीतले काँक्रीटचे रस्ते, अशी सरकारी कामं घेतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा अशीच दोन कामं चालू होती. काम झालं, पावतीपुस्तकात बिल फाडलं, पण पैसे काही मिळेनात. आणि जीएसटीची गंमत अशी, की कर पूर्ण भरल्याशिवाय संगणक रिटर्न घेतच नाही. हातात पैसा नाही म्हणून कर नाही, कर नाही म्हणून रिटर्न नाही. शेवटी २०१७-१८ ची रिटर्नं ऑक्टोबर २०१९ मध्ये भरली गेली. सुटलो, असं वाटलं.

२०२४ चा मार्च. मी आणि जाऊबाई गच्चीवर बिबड्या घालत होतो. हे वर आले ते चेहरा पांढराफटक. म्हणाले, "तुझ्या पाटल्या मोडाव्या लागतील बहुतेक. तीन लाख तेहतीस हजार भरायचेत."

हाताचं पीठ तसंच ठेवून मी खाली आले. म्हटलं, "आधी कागद दाखवा."

कागद होता डिसेंबर २०२३ चा. म्हणजे दोन महिने उलटून गेलेले! त्याआधीची नोटीसही संगणकावरच येऊन पडलेली. नोंदणीत मोबाईल आणि ई-मेल होता तो आमच्या जुन्या कर सल्लागाराचा, आणि त्यांनी काम सोडून वर्षं झालेली. नोटिशीला उत्तरच गेलं नाही, म्हणून साहेबांनी एकतर्फी आदेश काढलेला.

मी वही-पेन्सिल घेऊन बसले. त्या आकड्यात तीन वेगळे आकडे होते. मूळ कर एक लाख ऐंशी हजार. सिमेंट, सळई घेताना आपण जो कर दुकानदाराला देतो तो आपल्या करातून वजा होतो, त्याला क्रेडिट म्हणतात. रिटर्न मुदतीनंतर भरल्यामुळे ते सगळं नामंजूर केलेलं. त्यावर दर साल दर शेकडा १८ ने व्याज, म्हणजे महिन्याला सत्तावीसशे. पन्नास महिन्यांचे एक लाख पस्तीस हजार! वर दहा टक्के दंड, अठरा हजार. या दराने साधारण साडेपाच वर्षांत व्याज मुद्दलाएवढं होतं. मुलांना फळ्यावर शिकवताना हा दर मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता.

जळगावला दुसऱ्या सल्लागारांकडे गेलो. ते म्हणाले, आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येतं, मग उशीर माफ करून घ्यायला फार तर आणखी एक महिना. त्यासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के आधी भरायचे. आमचे झाले अठरा हजार. तेवढे भरले की बाकीची वसुली थांबते. "पण ताई, व्याज थांबत नाही हं," हेही त्यांनी बजावलं. अपील हरलो तर मधल्या काळाचंही द्यावं लागतं. त्या रात्री मला झोप नव्हती.

पाटल्या मोडल्या नाहीत. अपील केलं. पुढे त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या कायद्याने २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांचं क्रेडिट, रिटर्न ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भरलेलं असेल तर, मान्य केलं. आमची मागणी रद्द झाली. पण ज्यांनी घाबरून आधीच सगळा कर भरून टाकला होता, त्यांना तो परत मिळणार नाही, असं त्याच कायद्यात लिहिलंय. माझ्या पाटल्या गेल्याच असत्या.

यांच्या एका मित्राचा वाद मात्र वेगळा. त्यांना माल देणाऱ्यानेच कर भरला नव्हता, तिथे ही सवलत लागू नव्हती. त्यांनी ३१ मार्च २०२५ च्या आत मूळ कर भरला, तेव्हा पहिल्या तीन वर्षांसाठीच्या अभय योजनेत व्याज आणि दंड माफ झाला. ती मुदत आता संपली. तेव्हा पुन्हा कधीतरी माफी येईल, या आशेवर कागद कपाटात ठेवू नका.

असा मागचा कर ठेकेदारांच्याच दारी येतो असंही नाही. २० जून २००६ ते ३१ मार्च २०१० या काळात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलेल्या कित्येक बहिणींना, राहायला जाऊन वर्षं झाल्यावर, बिल्डरची व्हॅटसाठी पत्रं आली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला.

आणखी एक विचारते, रागावू नका. पेढीत भागीदार म्हणून तुमचं नाव आहे का? "इथे सही कर" म्हटल्यावर केलेली सही आठवते? नुसती बायको म्हणून नवऱ्याच्या धंद्याचा कर आपल्यावर येत नाही. पण भागीदार असाल, किंवा नोंदणीच तुमच्या नावाने असेल, तर देणं तुमचंही असतं. माझ्या जाऊबाईंना आपण भागीदार आहोत हे त्या दिवशी, बिबड्या वाळत असताना कळलं!

आमच्या नोंदणीत आता माझा मोबाईल आहे. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत रिटर्न जातं, तेव्हा त्याचा ओटीपी माझ्याकडे येतो. कधी तासावर असते, कधी भाकरी तव्यावर असते. हे बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "आला का गं आकडा?" आणि मी आधी विचारते, "नोटिशींचं पान उघडून पाहिलंत का?"