भिंतीवरचे कँटनी उद्यान

उलव्याच्या नव्या सदनिकांच्या दिवाणखान्यांत पक्षी आणि बहरलेल्या फांद्या छापलेला कागद चिकटविणाऱ्या गृहस्थास सहसा ठाऊक नसते, की ही अभिरुची अठराव्या शतकात ज्या कँटन बंदरातून विलायतेस गेली, त्याच बंदराकडे समोरच्या मुंबईहून पुढे कापूस आणि अफू लादलेली जहाजे रवाना होत असत. मौज अशी, की खुद्द चिनी रसिक साध्या भिंतीवर चित्रे टांगण्यात संतुष्ट असे. हातांनी रंगविलेले हे भित्तिपत्र मुख्यत्वे निर्यातीचा माल होते. एका संचात पंचवीस ते चाळीस पट्ट्या, आणि प्रत्येकीचे चित्र निराळे. त्यामुळे दालनाभोवती एक अखंड उपवन उभे राही. कंपनी सरकारच्या व्यापारातून आलेला हा माल इंग्रजांच्या दप्तरी चक्क ‘इंडिया पेपर’ ठरला! थॉमस चिपेंडेल या प्रख्यात कारागिराने १७७१ मध्ये यॉर्कशायरमधील नॉस्टेल प्रायरीत तो लावून दिला.

आपल्याकडे दमट हवा आणि वाळवी यांच्यापुढे कागदाचा टिकाव कोठून लागणार? मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात चित्रे थेट भिंतीवरच काढलेली आहेत. तेच कँटनी उद्यान मात्र मुंबईस रेशमावर अवतरले: सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या चीनचा व्यापार करणाऱ्या पारशांच्या घरांतील गारा साड्यांवर क्रौंच, पॅगोडे आणि फुललेल्या वेली आजही भरतकामात नांदत आहेत.