आदिवासी बालशिक्षिकांचा व्यावसायिक विकास : संस्कृतिसंवेदनशील प्रशिक्षणाचे स्वरूप

प्रस्तावना

आदिवासी भागातील बालशिक्षणाचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने बालकावर केंद्रित होते. त्या बालकाला शिकविणारी, बहुधा त्याच समाजातून आलेली शिक्षिका मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः आपली भाषा व परंपरा यांकडे ती सामर्थ्य म्हणून पाहणार की उणीव म्हणून, हे बऱ्याच अंशी तिच्या प्रशिक्षणातून ठरते. प्रस्तुत लेखात कॅनडातील एका उपक्रमाच्या आधारे अशा प्रशिक्षणाच्या स्वरूपाचा विचार केला आहे.

मेडो लेकचा अनुभव

कॅनडातील निवासी शाळांनी आदिवासी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबापासून दूर ठेवले आणि त्यांच्या मातृभाषांवर बंदी घातली. २०१५ साली तेथील सत्य व सलोखा आयोगाने या धोरणास सांस्कृतिक वंशविच्छेद म्हटले. शिक्षणाविषयीचा असा अविश्वास मनात असतानाही सॅस्कॅचेवान प्रांतातील मेडो लेक आदिवासी परिषदेने १९८९ साली व्हिक्टोरिया विद्यापीठाकडे आपल्या बालसंगोपन केंद्रांसाठी शिक्षिका घडविण्याचा प्रस्ताव मांडला. मात्र तयार अभ्यासक्रम स्वीकारण्यास परिषद राजी नव्हती.

त्यातून सहनिर्मित अभ्यासक्रमाची पद्धती विकसित झाली. वर्ग समाजाच्या वस्तीतच भरत. बालविकासाचे सिद्धांत विद्यापीठाकडून येत, तर क्री व डेने समाजांतील वडीलधारी मंडळी वर्गात येऊन बालसंगोपनाचे पारंपरिक ज्ञान सांगत. ही मंडळी पाहुणे नसून अध्यापक होती. अभ्यासक्रमाचा निम्मा भाग जणू कोरा ठेवलेला होता आणि तो समाजाने भरावयाचा होता. दोन ज्ञानपरंपरांत मतभेद आढळल्यास निर्णय वरून दिला जात नसे. विद्यार्थिनी दोन्ही बाजू तपासून स्वतःची भूमिका ठरवीत. पदविका मिळविणाऱ्यांपैकी बहुतेकजणी आपल्याच समाजात कार्यरत राहिल्या. पुढे ही पद्धती अन्य आदिवासी समाजांनीही स्वीकारली.

महाराष्ट्राचा संदर्भ

आपल्याकडे या विचाराची पूर्वपीठिका आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य पुढे कोसबाड येथे वारली समाजात रुजले. शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली आणि महागड्या साधनांची जागा पाने, बिया व खडे यांनी घेतली. बालकाचा परिसर हाच येथे शिक्षणाचा आधार ठरला.

शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र त्याहून पुढचा आहे. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, तर गडचिरोलीतील गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील भाषा होत. त्या बोलणाऱ्या सेविकेस मराठी पुस्तिका ही परभाषाच असते. या पुस्तिकेचा गोंडी अनुवाद झाला तरी प्रश्न केवळ अर्धाच सुटतो, कारण अनुवादाने भाषा बदलते, ज्ञानाचा अधिकार मात्र पुस्तिका लिहिणाऱ्याकडेच राहतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. तो प्रत्यक्षात उतरावयाचा तर ज्या सेविकेला बालकाची भाषा येते, तिचे ते भाषाज्ञान व्यावसायिक पात्रता म्हणून मोजले गेले पाहिजे.

महाविद्यालयांची भूमिका

आदिवासी भागातील महाविद्यालयांना येथे पुढील गोष्टी करता येतील :

१. प्रशिक्षण वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी न घेता पाड्यावर घेणे.
२. समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना अध्यापक मानून रीतसर मानधन देणे.
३. गाणी, कोडी, खेळ व संगोपनाच्या रीती यांचे संकलन सेविकांकडूनच त्यांच्या भाषेत करून घेणे.
४. मूल्यमापनात मौखिक सादरीकरणास लेखी परीक्षेइतकेच स्थान देणे.

परंपरेतील सर्वच गोष्टी ग्राह्य मानाव्यात, असा याचा अर्थ नाही. नवजात बालकाच्या आहारासारख्या विषयात वैद्यकीय ज्ञान डावलता येत नाही. परंतु ते ज्ञान आदेश म्हणून आले तर सेविका ते पाठ करते. चर्चेतून आले तरच ती ते आईला पटवून देऊ शकते.

निष्कर्ष

संस्कृतिसंवेदनशीलता म्हणजे प्रशिक्षणाच्या भिंतीवर लावलेले वारली चित्र नव्हे. काय शिकवावयाचे हे ठरविण्यात समाजाचा वाटा किती, हाच तिचा खरा निकष होय. या निकषावर आपल्या प्रशिक्षणाची तपासणी करण्याची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकांना टाळता येणार नाही.