फिशटँकचा दिवा बदलल्यावर मासे का बिथरतात?

फिशटँकला नवा, प्रखर एलईडी दिवा बसवला की टँक खुलून दिसतो. पण मासे मात्र कोपऱ्यात दडून बसतात, खाणे सोडतात किंवा सैरावैरा पळून काचेवर आदळतात. मासा आजारी पडला असे समजून काही जण लगेच पाण्यात औषध टाकतात. तसे करण्याआधी प्रकाशात काय बदल झाला, हे पाहावे.

असे का होते?

प्रखर उजेडात आपण डोळे मिटतो आणि आपली बाहुलीही आकुंचन पावते. गोल्डफिश, गप्पी, फायटर या माशांना पापण्या नसतात. बहुतेक माशांची बाहुलीही फारशी लहान-मोठी होत नाही. त्यांच्या दृष्टिपटलातील पेशी व रंगकण जागा बदलतात आणि त्यातून डोळा उजेडाला सरावतो. या क्रियेला काही सेकंद नव्हे, बरीच मिनिटे लागतात. म्हणून काळोखात अचानक दिवा लागला की मासा दचकतो. टँकला झाकण नसेल तर बाहेरही उडी मारतो.

माशांनाही रात्र हवी

मासे डोळे उघडे ठेवूनच झोपतात. अंधार झाला की त्यांच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. रात्रभर दिवा सुरू राहिला तर हे चक्र बिघडते आणि विश्रांती मिळत नाही. असा ताण लांबला की रोगप्रतिकारशक्ती कमी होते. जास्त वेळ उजेड राहिल्यास शेवाळही वाढते. उलट, फार काळ अंधारात ठेवलेल्या गोल्डफिशचा रंग फिकट पडतो.

काय काळजी घ्यावी?

• दिवा रोज ठरावीक वेळी, साधारण 8 ते 10 तास सुरू ठेवावा. टायमर लावल्यास विसरण्याचा प्रश्न राहत नाही.
• सकाळी आधी खोलीत उजेड होऊ द्यावा आणि अर्ध्या तासाने टँकचा दिवा लावावा. रात्री आधी टँकचा दिवा बंद करावा, खोलीचा नंतर.
• नवा दिवा पहिले काही दिवस मंद ठेवावा किंवा कमी वेळ लावावा.
• लपण्यासाठी झाडे किंवा दगडांचा आडोसा द्यावा.
• टँक थेट उन्हात ठेवू नये. पाणी तापले की त्यातील ऑक्सिजन कमी होतो.
• पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा, हीटर व पंपाचे प्लग काढावेत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेत असेल, तर दिव्याला दोष देत थांबू नये. पाण्यातील ऑक्सिजन कमी झाला असेल किंवा अमोनिया वाढला असेल. पाणी त्वरित तपासावे, हवेचा पंप सुरू करावा आणि क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी वापरून थोडे पाणी बदलावे. अंगावर पांढरे ठिपके, जखमा किंवा सूज दिसली, अथवा प्रकाश सौम्य करूनही दोन-तीन दिवसांत मासा खाऊ लागला नाही, तर माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. स्वतःच्या मनाने औषध टाकू नये. काही औषधांनी फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मरतात आणि पाणी आणखी बिघडते.