पोट्टे आधीपासून खेळतच होते

"खेळून पोट भरते का बे?" नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात मैदानावरून घरी येणाऱ्या पोट्ट्याला हे ऐकावंच लागतं. विचारणारे काही वाईट नसतात. कोणाच्या घरी माग चालायचा, कोणी गुमगावच्या मँगनीज खाणीत पाळ्या केल्या. घाम गाळला तर कमाई, एवढाच त्यांचा हिशोब. पण या एका प्रश्नाच्या पोटात दोन-तीन गैरसमज दडलेले आहेत.

पहिला असा, की वाया गेलेल्या पोरांना कोणीतरी मोठा माणूस येऊन सुधारतो. 2022 च्या 'झुंड' सिनेमानंतर तो आणखी पक्का झाला. अमिताभ लक्षात राहिले, झुंड मागे पडली. सिनेमा ज्यावर बेतला, ते नागपुरात घडलं असं. 2001 च्या पावसाळ्यात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे पाऊस चुकवायला झाडाखाली थांबले होते. समोर पोट्टे चिखलात फुटक्या प्लास्टिकच्या बादलीला लाथा हाणत होते. म्हणजे खेळ चालूच होता, नव्हता तो बॉल. बारसेंनी बॉल दिला, आणि 2002 मध्ये स्पर्धा भरवली तर झोपडपट्ट्यांतून 128 संघ उतरले. इतके संघ कोणी वर्षभरात घडवत नाही. ते होतेच, त्यांना बोलावणारं कोणी नव्हतं. या खेळाला बारसेंनी 'झोपडपट्टी फुटबॉल' हेच नाव दिलं. मला त्यातला रोखठोकपणा आवडतो.

दुसरा गैरसमज: एखादा तरी नामांकित खेळाडू निघाला नाही तर सगळं फुकट. बारसेंची पोरं ज्या बेघरांच्या विश्वचषकात खेळायला गेली, त्याचा नियमच वेगळा आहे. तिथे खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही गोल करा, पुढच्या वेळी जागा दुसऱ्याची. मग परतलेल्यानं करायचं काय? नागपुरात त्यांच्यातलेच काही प्रशिक्षक झाले, वस्तीतल्या लहान पोरांना शिकवू लागले. 2016 मध्ये फिफानं बारसेंच्या संस्थेला पुरस्कार दिला, तोही गोलांसाठी नव्हे, सगळ्यांना सामावून घेण्यासाठी.

तिसरा: हे नागपुरात ठीक, आपल्या खाप्यात कुठं जमते? त्या विश्वचषकाचं मैदान 22 बाय 16 मीटरचं असतं. एका बाजूला चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आठवडी बाजार उठल्यावर एवढी जागा कुठल्याही गावात निघते. 1867 पासून नगरपालिका असलेल्या खाप्याला ती जड नाही. अवघड आहे ते रोज पाच वाजता तिथे हजर राहणारं माणूस मिळणं. भाषण ठोकणारे पुष्कळ मिळतात.

मागे कन्हान नदीच्या काठावर खेळ पाहत उभा होतो. चपलांचे गोलपोस्ट. कडेला एक पोरगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी. बॉल तिच्या पायाशी आला. तिनं भाऊ न उतरवता जी लाथ हाणली, ती सरळ दोन चपलांच्या मधून. "तिचा नाही धरायचा," एक ओरडला. "काहून नाही?" दुसरा. त्यावर चांगलीच जुंपली. तेवढ्यात एकाला घरून हाक आली. त्यानं एका बाजूच्या चपला पायात घातल्या आणि गोलपोस्ट घेऊन निघून गेला.