पॉइंट कुक: जिथं विमान उडवायला शिकवलंही आणि बांधलंही

गैरसमज: ऑस्ट्रेलियाची सुरुवातीची लष्करी विमानं झाडून सगळी ब्रिटनहून आली, मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकला फक्त उडायला शिकवत.

वस्तुस्थिती: पहिली पाच ब्रिटनहूनच आली. त्यांतलं दुपंखी ब्रिस्टल बॉक्सकाइट १ मार्च १९१४ रोजी एरिक हॅरिसन यांनी पॉइंट कुकला पहिल्यांदा उडवलं. हॅरिसन मूळचे व्हिक्टोरियाचे, पण शिकले इंग्लंडमध्ये, ब्रिस्टल कंपनीच्या शाळेत. ही कंपनी विमानं बांधायची आणि वैमानिकही घडवायची, कारण उडवणारा नसेल तर विमान विकत घेणार कोण? पॉइंट कुकची सेंट्रल फ्लाइंग स्कूल सरकारी होती, विक्रीचा प्रश्न नव्हता. पण लाकूड, तारा आणि कापडाचं विमान शिकाऊ हातात सतत दुरुस्तीला येणारच, म्हणून सुतारकाम आणि यंत्रकाम तिथं शिक्षणाइतकंच महत्त्वाचं होतं. १९१५ मध्ये शाळेच्या कार्यशाळेनं एक अख्खं बॉक्सकाइटच बांधलं. लष्करासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेलं ते पहिलं विमान. माझ्या मते, या शाळेचं हे काम तिच्या पहिल्या उड्डाणाइतकंच मोठं आहे, आणि त्याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

गैरसमज: शिकणाऱ्यापुढे विमान चालवायचा स्वतंत्र दांडा असे.

वस्तुस्थिती: बॉक्सकाइटमध्ये दांडा एकच. शिष्य गुरूच्या मागे उघड्यावर बसे आणि पुढे हात घालून दांड्याच्या हालचालीचा अंदाज घेई. इंजिनाला वंगण एरंडेल तेलाचं. वारा पडलेला असेल तेव्हाच, म्हणजे बहुधा भल्या पहाटे, धडा होई. १७ ऑगस्ट १९१४ रोजी पहिला वर्ग भरला तेव्हा विद्यार्थी चारच होते: रिचर्ड विल्यम्स, थॉमस व्हाइट, जॉर्ज मर्झ आणि डेव्हिड मॅनवेल.

गैरसमज: या सगळ्याशी आपला काय संबंध?

वस्तुस्थिती: चांगलाच आहे. १९१० च्या अखेरीस ब्रिस्टल कंपनीनं बॉक्सकाइट दाखवायला एक पथक ऑस्ट्रेलियाला धाडलं, तसंच दुसरं भारतात. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादजवळच्या घोडदळाच्या सरावात आंरी ज्युलेरो यांनी ते उडवलं. टेहळणीला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर बसले होते. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठी वैमानिक मागितले तेही भारत सरकारनंच. पॉइंट कुकची तुकडी मुंबईमार्गे बसऱ्याला पोहोचली, त्यात व्हाइट आणि मर्झ होते. भारतानं पुरवलेली फार्मन विमानं इतकी मंद होती, की तिथला जोरदार शमाल वारा सुटला म्हणजे ती पुढे जाण्याऐवजी मागे रेटली जात. ३० जुलै १९१५ रोजी इंजिन बंद पडून मर्झ यांना वाळवंटात उतरावं लागलं आणि तिथंच ते मारले गेले. युद्धात प्राण गमावणारे ते पहिले ऑस्ट्रेलियन लष्करी वैमानिक.