शाळेच्या बैठकीत आईची खुर्ची



आपल्या गटांकडे दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी सर्व्हेचे कागद घेऊन येतं. घरात माणसं किती, शेळ्या किती, मुलगी कितवीत. आपण चहा करतो, उत्तरं देतो, सही करतो. त्या कागदांचं पुढं काय झालं हे सांगायला मात्र सहसा कुणी परत येत नाही. म्हणून आज आम्ही अशा संशोधकांची गोष्ट सांगणार आहोत, जे एका शाळेत आले आणि वर्षानुवर्षं तिथं टिकून राहिले.

अमेरिकेत न्यू हेवन नावाचं शहर आहे. तिथलं येल विद्यापीठ जगात नावाजलेलं, पण त्याच शहरात गरीब काळ्या लोकांच्या वस्त्याही आहेत. 1968 साली येलचे डॉक्टर जेम्स कोमर आणि त्यांचे सहकारी अशा वस्तीतल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये गेले. वाचन आणि गणितात या शाळा शहरात अगदी तळाला होत्या. मुलं गोंधळ घालायची, शिक्षक वैतागलेले, पालक चिडलेले.

कोमर स्वतः काळे, कामगाराचे पुत्र. त्यांची आई मॅगी लोकांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करायची. तिला धड शाळा मिळाली नव्हती, पण पाचही मुलांना तिनं कॉलेजपर्यंत पोचवलं. तिच्यावर कोमरांनी 1988 साली पुस्तक लिहिलं. ‘अडाणी आईला काय कळतं’ असं म्हणणाऱ्यांपैकी ते नव्हते, हे सांगायला नकोच.

पहिलं वर्ष भांडणातच गेलं. मग त्यांनी प्रत्येक शाळेत एक समिती केली. तिच्यात मुख्याध्यापक, शिक्षक, मुलांच्या मनाचे जाणकार आणि पालक एकत्र बसायचे. नियम थोडेच होते. चूक कुणाची हे उकरायचं नाही, पुढं काय करायचं ते बोलायचं. मतदान घ्यायचं नाही, कारण त्यात एक बाजू हरते आणि हरलेली बाजू नंतर कामाला हात लावत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. आणि मुख्याध्यापकांचे हातही बांधून टाकायचे नाहीत. गटात कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर आपण कशा बोलत बसतो, ते आठवा. वेळ लागतो, पण पुढं कुरबुर कमी होते.

तिथला एक प्रसंग आम्हाला फार जवळचा वाटला. दूरच्या खेड्यातून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या मावशीनं शाळेत आणून सोडलं. ना ओळखीचं माणूस, ना ओळखीची जागा. बाईंच्या चेहऱ्यावरही नाराजी. पोरगं घाबरलं, बाईंना लाथ मारून पळालं. एरवी अशाला शिक्षाच व्हायची. इथं सगळे बसले आणि त्याच्या जागी आपण असतो तर काय वाटलं असतं, यावर बोलले. त्यातून नव्या मुलाचं स्वागत कसं करायचं ते ठरलं. पुढं एकच शिक्षक दोन वर्षं त्याच वर्गाला ठेवायचीही पद्धत आली, म्हणजे मुलाला माणूस ओळखीचं राहतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचा विचार आमच्या मनात लगेच आला.

पालकही वर्गात मदतीला येऊ लागले, कार्यक्रमांना गर्दी होऊ लागली. 1980 नंतरच्या काळात या कामातल्या शाळांची मुलं परीक्षेत शहरात वरच्या क्रमांकांवर आली. वस्ती मात्र गरीबच राहिली होती. कोमरांच्या कामातलं आम्हाला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निदान पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य बाया असाव्यात असं सांगितलं आहे. खुर्ची कायद्यानं दिली आहे. तिथं नुसती सही करायची की बोलायचं, हा प्रश्न अजून पुष्कळ गावांत आहे.

अजून एक ठिकाण, थोडक्यात. ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरात 1990 च्या सुमारास लुईस मोल आणि नॉर्मा गोन्झालेझ या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शिक्षकांनाच मेक्सिकन कामकऱ्यांच्या घरी पाठवलं. तक्रार घेऊन नाही, शिकायला. या घरांत शेती, जनावरं, बांधकाम, औषधी झाडपाला, व्यापार यांचं किती ज्ञान आहे, ते बघायला. एका शिक्षिकेला कळलं की वर्गातला मुलगा मेक्सिकोची मिठाई आणून विकतो. तिनं त्यावरच धडा बेतला. मुलांनी दोन्ही देशांच्या गोळ्यांमध्ये काय काय घातलंय ते वाचलं, तुलना केली, तक्ते काढले. मेक्सिकोच्या गोळीत जिन्नस कमी निघाले. मग एका मुलाची आई वर्गात आली आणि तिनं मिठाई करून दाखवली. ती थंड होईपर्यंत दोन्ही देशांत लोक काय खातात, यावर ती मुलांशी बोलत राहिली. वर्गातल्या बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.