कागदावरच राहिलेले जेट

सन १९४४ च्या उत्तरार्धात मित्रराष्ट्रांच्या बॉम्बवर्षावाने जर्जर झालेल्या जर्मनीने एका इंजिनावर चालणाऱ्या वेगवान जेट लढाऊ विमानाची तातडीची योजना आखली. या स्पर्धेत फॉके-वुल्फ कंपनीच्या 'टीए १८३' या आराखड्याला १९४५ च्या प्रारंभी पसंती मिळाली. कंपनीचे मुख्य अभिकल्पक होते कुर्ट टँक, तर या आराखड्याचा शिल्पकार होता हान्स मुल्टहॉप.

त्याचे पंख तब्बल ४० अंशांनी मागे झुकलेले होते. ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचताच पंखांभोवतीची हवा दाबली जाते आणि अवरोध एकाएकी वाढतो. पंख तिरपे असले, तर हवेच्या वेगाचा केवळ काही अंशच त्यांच्या कडेला काटकोनात भिडतो. साहजिकच हा अडसर पुढे ढकलला जातो. अडॉल्फ बुसेमान यांनी हे तत्त्व १९३५ मध्येच रोम येथील परिषदेत मांडले होते.

मात्र उत्तम आराखड्याला तोलामोलाचे इंजिन लागते. 'टीए १८३'साठी योजलेले हाइंकेलचे नवे इंजिन अखेरपर्यंत उत्पादनाच्या टप्प्यावर पोहोचलेच नाही. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंसाठी लागणाऱ्या निकेल आणि क्रोमियमची टंचाई जर्मनीच्या जेट इंजिनांना आधीच भोवत होती. अशातच एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजांनी फॉके-वुल्फचे अभिकल्प केंद्र ताब्यात घेतले आणि विमान कागदावरच राहिले.

सोव्हिएत 'मिग-१५' हे त्याचेच अनुकरण, असे अनेकदा सांगितले जाते. मात्र आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. 'मिग'ला बळ दिले ते ब्रिटनने १९४६ मध्ये विकलेल्या रोल्स-रॉइस 'नीन' इंजिनाने. टँक यांनी पुढे अर्जेंटिनात घडवलेले, १९५० मध्ये उडालेले 'पुल्की-२' हे विमानही 'नीन'वरच चालले.

त्यानंतर टँक बंगळुरूला आले. त्यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या 'मारुत'ने १७ जून १९६१ रोजी पहिली भरारी घेतली. १९७१ च्या युद्धात ही विमाने लढलीही. परंतु अपेक्षित शक्तीचे इंजिन न लाभल्याने स्वनातीत वेगाचे स्वप्न अपुरेच राहिले. जर्मनीत जी उणीव भासली, तीच येथेही आड आली. विमानाचा आराखडा काही महिन्यांत रेखाटता येतो. इंजिन घडवायला मात्र धातुविज्ञानाची दीर्घ साधना लागते.